वेबसाइट यादीत आहे, पण ती तपासली कुणी?



रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आता बरंच काही वाचूनच दवाखान्यात येतात. ही चांगली गोष्ट आहे. पण औषध बदललं किंवा बंद केलं असेल आणि मी कारण विचारलं, की मोबाईल पुढे येतो. ‘डॉक्टरसाहेब, हे पाहा ना, नेटवर पहिल्याच नंबरला हाये. खोटं कसं असन?’

या प्रश्नाला हसू नये असं मला वाटतं. यादीत वर असणं म्हणजे कुणीतरी पारखून वर ठेवलेलं असणं, ही आपली जुनी समजूत आहे. गुणवत्ता यादीत पहिलं आलेलं पोर हुशार असतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. मग इंटरनेटच्या यादीत पहिली आलेली वेबसाइट खरी का नसावी? फरक एवढाच आहे, की गुणवत्ता यादीमागे पेपर तपासणारा माणूस असतो. नेटवरच्या यादीमागे तसा कुणी असेलच असं नाही.

इंटरनेटवर माणसांनी तपासून केलेल्या याद्याही होत्या, काही अजून आहेत. माझी स्वतःची वेबसाइट अशा एका यादीत नोंदवताना जे समजलं, ते रुग्ण म्हणून तुमच्याही उपयोगाचं आहे. म्हणून हा लेख.

यादी दोन प्रकारची असते

पहिला प्रकार यंत्राने केलेल्या यादीचा. तुम्ही ‘शुगर कमी करण्याचे उपाय’ असं टाइप करता आणि क्षणात शेकडो पानं समोर येतात. हे काम संगणकाचा प्रोग्रॅम करतो. पानावर कोणते शब्द आहेत, त्या पानाकडे किती ठिकाणांहून लिंक दिलेली आहे, अशा अनेक गोष्टींवरून तो क्रम लावतो. ते औषध खरंच लागू पडतं का, हे तो प्रयोगशाळेत जाऊन पाहत नाही. त्यातच सगळ्यात वर काही वेळा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. त्यावर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ असं लिहिलेलं असतं. बरेच जण ते वाचतच नाहीत.

दुसरा प्रकार माणसाने केलेल्या यादीचा, म्हणजे वेब डिरेक्टरीचा. टेलिफोन डिरेक्टरीसारखीच, फक्त इथे विषयवार कप्पे असतात. आरोग्य, त्यात आजार, त्यात मधुमेह, असं एकात एक. वेबसाइटवाल्याने आपलं नाव सुचवायचं. मग एक संपादक ती वेबसाइट उघडून पाहणार आणि पटली तर योग्य कप्प्यात ठेवणार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये अशीच एक यादी सुरू केली. तीच पुढे याहू झाली. जून १९९८ मध्ये अमेरिकेतच आणखी एक यादी सुरू झाली. ती पुढे ओपन डिरेक्टरी किंवा ‘डीमॉझ’ या नावाने ओळखली गेली. योगायोग असा, की त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जुलै १९९८ ला, आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला.

डीमॉझचं वैशिष्ट्य म्हणजे तिचे संपादक स्वयंसेवक होते. जगभरातले हजारो लोक पगार न घेता आपापल्या आवडीच्या विषयाचा कप्पा सांभाळत. नोंदणीला पैसे लागत नसत. इंग्रजीशिवाय इतर अनेक भाषांचे विभाग होते, त्यात मराठीही होती. गूगलनेही २००० सालापासून काही वर्षं हीच यादी आपल्या डिरेक्टरीसाठी वापरली. त्यामुळे तिथे नोंद होणं ही वेबसाइटवाल्यांना मोठी गोष्ट वाटे.

नोंद करायला गेलो तेव्हा काय विचारलं गेलं

मी मराठीतून आरोग्याची माहिती लिहायला लागलो तेव्हा वाशिममध्ये घरोघरी इंटरनेट नव्हतं. पाटणी चौकाजवळच्या सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन बसावं लागे. लेख होते, पण वाचणारे फार थोडे होते. एका मित्राने सुचवलं, ‘डीमॉझच्या मराठी विभागात नोंद कर, लोकांना सापडेल तरी.’

फॉर्म छोटासा होता, पण त्यासोबत दिलेले नियम वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. थोडक्यात ते असे होते.

१. वेबसाइटचं जे खरं नाव आहे तेच लिहा. नावात घोषणा नको.

२. वर्णन एक-दोन वाक्यांत करा. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’, ‘खात्रीशीर’ असे शब्द नकोत. वेबसाइटवर काय आहे एवढंच सांगा.

३. कप्पा एकच निवडा, जास्तीत जास्त नेमका. दहा ठिकाणी घुसू नका.

४. वेबसाइट पूर्ण असू द्या. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावलेली पानं पाठवू नका.

५. मजकूर तुमचा स्वतःचा हवा. दुसऱ्याचा उचललेला किंवा केवळ माल विकण्यासाठी मांडलेला नको.

६. एकदाच पाठवा आणि थांबा. पुन्हा पुन्हा पाठवलं तर आधीचा अर्ज मागे पडून रांगेत तुमचाच नंबर खाली जातो.

हे नियम वाचताना मला भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आठवत होती. जाहिरात करून रुग्ण ओढणं डॉक्टरला त्यात मना आहे. दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी होतो आणि परत आलो, अशा मोजक्या गोष्टी वर्तमानपत्रातून जाहीर करायला मुभा आहे. पण ‘आमच्याकडे हमखास गुण’ असं लिहिता येत नाही. डॉक्टरांच्या नीतिनियमांशी काही संबंध नसलेल्या कुणीतरी, दूर अमेरिकेत, वेगळ्याच कारणासाठी तोच नियम केला होता. विशेषणं काढा आणि काय आहे ते सांगा.

मी लिहिलेलं वर्णन असं होतं: ‘वाशिम येथील डॉक्टरांनी मराठीत लिहिलेले आजार, औषधे आणि आहार यांविषयीचे लेख.’ पाठवलं आणि विसरून गेलो. अशा यादीत महिनोन्‌महिने थांबावं लागतं हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. स्वयंसेवक वेळ मिळेल तसं काम करणार, आणि मराठी वाचणारे संपादक किती असणार? बऱ्याच महिन्यांनी पाहिलं तर नोंद झालेली होती. वर्णनातून ‘आहार’ हा शब्द काढलेला होता. तेव्हा माझ्या वेबसाइटवर आहारावर एकच लेख होता. म्हणजे कुणीतरी खरंच आत जाऊन मोजलं होतं! ओळख ना पाळख, पण एका माणसाने आपली पानं उघडून पाहिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण त्या नोंदीचा अर्थ किती घ्यायचा?

त्या संपादकाने माझी वेबसाइट पाहिली. ती मराठीत आहे, स्वतःच्या मजकुराची आहे, सांगितलं तेच तिच्यावर आहे, एवढं त्याने तपासलं. पण मी तापात पॅरासिटामॉलचा जो डोस लिहिला होता तो बरोबर आहे का, हे त्याने तपासलं नाही. ते त्याचं कामच नव्हतं. तो कदाचित इंजिनिअर असेल, कदाचित विद्यार्थी.

शेतकरी वाचकांना हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस देतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. म्हणजे नोंद माणसाच्या हातून आणि नजरेखालून जाते. म्हणूनच ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. तरीही सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा.

तेव्हा कुठलीही यादी दिसली की तीन पायऱ्या वेगळ्या करा. पहिली, नाव यादीत आहे. दुसरी, ते नाव माणसाने पाहून यादीत घातलं आहे. तिसरी, त्या विषयातल्या जाणकाराने आतला मजकूर तपासला आहे आणि चुकलं तर कुणीतरी जबाबदार आहे. यंत्राचा ‘पहिला नंबर’ पहिल्या पायरीवरच असतो. डीमॉझची नोंद दुसऱ्या पायरीवर होती. औषध सुरू किंवा बंद करताना मात्र आपल्याला तिसरीच पायरी लागते.

ही पायरी चुकली तर काय होतं

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तेरा वर्षांची मुलगी. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही असा प्रकार. दोन वर्षं ती इन्सुलिनवर छान होती, शाळेत जात होती. वडिलांना मात्र रोज सुई टोचणं बघवत नव्हतं. त्यांनी मोबाईलवर मराठीत शोधलं. पहिलं जे पान उघडलं त्यावर ‘इन्सुलिनपासून कायमची सुटका’ असा मथळा होता. खाली बरे झालेल्या लोकांचे फोटो होते आणि शेवटी एक व्हॉट्सॲप नंबर. पार्सलने बाटली आली. पत्र्यावर बसवलेल्या झाकणासारखं त्या पानाचं होतं, वरून चकचकीत आणि आत काही नाही. कुणी लिहिलं, त्याचं शिक्षण काय, पत्ता कुठला, यातलं काहीच तिथे नव्हतं.

इन्सुलिन बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी मुलीला उलट्या सुरू झाल्या. पोट दुखत होतं. घरच्यांना वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. माझ्याकडे आणली तेव्हा श्वास खोल आणि भरभर चालू होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता आणि ती धड उत्तर देत नव्हती. याला डायबेटिक किटोॲसिडोसिस म्हणतात. इन्सुलिन नसलं की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून तयार होणारी आम्लं रक्तात साठतात. उपचाराला उशीर झाला तर जीव जातो. सलाईन आणि इन्सुलिन सुरू करून तिला त्याच रात्री ॲम्ब्युलन्सने अकोल्याला पाठवलं. मुलगी वाचली. आज ती कॉलेजात आहे आणि स्वतःचं इन्सुलिन स्वतः घेते.

वडील अडाणी नव्हते, निष्काळजी तर अजिबात नव्हते. उलट लेकीच्या मायेपोटीच ते शोधत बसले होते. त्यांनी शोधलं, पहिलं पान उघडलं, आपल्या भाषेत वाचलं आणि विश्वास ठेवला. मराठीत हा धोका जास्त आहे, कारण चांगली पानं कमी आहेत. जिथे शर्यतीत धावणारेच चार, तिथे खोटं पानही सहज पहिलं येतं.

टाइप १ मधुमेह ‘मुळापासून बरा’ करणारी बाटली नाही. इन्सुलिन सापडलं १९२१ मध्ये, आणि जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोला चौदा वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी या आजाराची मुलं जगत नसत. मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणं हा आपल्याकडे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. म्हणजे असा मथळा दिसला की तिथेच समजून घ्यायचं.

तिसऱ्या पायरीच्या याद्या कुठल्या?

आरोग्याच्या वेबसाइट तपासण्याचा एक चांगला प्रयत्न जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने केला. १९९६ मध्ये त्यांनी आठ तत्त्वांची आचारसंहिता आणली. लिहिणाऱ्याची पात्रता सांगा, माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही हे स्पष्ट करा, वाचकाची खासगी माहिती जपा, आधार आणि तारीख द्या, दाव्यांना पुरावा द्या, संपर्क द्या, पैसा कुठून येतो ते सांगा, जाहिरात आणि मजकूर वेगळा ठेवा. हे पाळणाऱ्या वेबसाइटला शिक्का मिळे. ही सेवा डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाली. म्हणून आज एखाद्या पानावर तो शिक्का दिसला तरी त्याच्या भरवशावर राहू नका. तत्त्वं मात्र आजही खरी आहेत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं ‘मेडलाइनप्लस’ १९९८ पासून चालू आहे. तिथे कोणती लिंक द्यायची हे जाहीर केलेल्या निकषांवर माणसं ठरवतात आणि जाहिराती नसतात. ते मुख्यतः इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, पण घरातल्या कॉलेजच्या मुलांकडून वाचून घेता येईल. मराठीत डॉ. श्याम अष्टेकर यांचं ‘आरोग्यविद्या’ आहे. लेखक कोण, हे तिथे तुम्हाला माहीत असतं.

आणि तुमच्या सर्वात जवळची यादी म्हणजे डॉक्टरांची नोंदवही. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाच्या वैद्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीची त्यांच्या वेगळ्या परिषदेकडे असते. नोंदणीसाठी पदवीची कागदपत्रं तपासली जातात, तक्रार आली तर चौकशी होते, नाव काढूनही टाकता येतं. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर, पावतीवर लिहिणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तो विचारण्यात संकोच करू नका. माझाही विचारा.

वाचण्याआधी दोन मिनिटं

आरोग्याचं कुठलंही पान उघडलं की एवढं पाहा:

१. वर ‘प्रायोजित’ लिहिलं आहे का?

२. लिहिणाऱ्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि गाव आहे का?

३. मजकूर कधी लिहिला किंवा तपासला, ती तारीख आहे का?

४. शेवटी काही विकायला ठेवलं आहे का? असेल तर वरचा सगळा मजकूर जाहिरात समजा.

५. ‘कायमचा’, ‘मुळापासून’, ‘शंभर टक्के’, ‘२१ दिवसांत’ हे शब्द आहेत का? डीमॉझचा संपादक जे शब्द वर्णनातून काढून टाकत असे, तेच हे शब्द.

६. चालू औषध बंद करायला सांगितलं आहे का? मग ते पान मोबाईलवर तसंच ठेवा आणि आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. औषध मात्र चालू राहू द्या.

मोबाईल आता शोधाच्या वर स्वतःच तयार उत्तर लिहून देतो. त्यालाही हाच नियम. त्या उत्तराखाली कुठल्या वेबसाइटचं नाव दिलं आहे ते उघडा आणि हे सहा प्रश्न विचारा.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल तर

थॅलेसेमिया, सिकल सेल, कर्करोग अशा आजारांच्या रुग्णांचे गट, गावातली रक्तदान मंडळं आता वेबसाइट काढतात. त्यांच्यापैकी काही जण मला विचारतात की लोकांपर्यंत पोचायचं कसं. त्यांच्यासाठी थोडंसं.

याहूची डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली. तिथे व्यापारी वेबसाइटला तपासणीसाठी वर्षाला २९९ डॉलर पडत, आणि ते तपासणीचे असत, नोंदीची हमी नसे. डीमॉझ १७ मार्च २०१७ ला बंद झाली तेव्हा तिच्यात ३८ लाखांच्या वर वेबसाइट होत्या. तिच्याच जुन्या संपादकांनी ती यादी ‘कर्ली’ नावाने पुढे चालू ठेवली आहे. तिथे नोंद आजही फुकट आहे. नियम वर सांगितलेलेच: खरं नाव, साधं वर्णन, एक कप्पा, एक अर्ज आणि धीर.

अशा नोंदीने आता गूगलमध्ये वर येण्याची फारशी अपेक्षा ठेवू नका. ‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नाव टाकून देतो, तीन हजार द्या’ असे फोन मलाही येतात. पाचशे याद्यांत एका दिवसात नाव जात असेल तर त्यातली एकही कुणी उघडून पाहिलेली नाही, हे उघड आहे. ते पैसे वाचवा. त्याऐवजी तो अर्ज भरण्याची तयारी करा. विशेषणं काढा, लेखकाचं नाव लिहा, तारीख टाका, अपुरी पानं पूर्ण करा. नोंद होवो न होवो, तुमची वेबसाइट वाचणाऱ्या रुग्णाला त्याचा फायदा होतोच.

एक विनंती. घरात इन्सुलिनवर असलेलं मूल असेल आणि त्याला उलट्या, पोटदुखी, खूप तहान, भरभर श्वास किंवा गुंगी दिसली, तर मोबाईलवर काहीही शोधू नका. लगेच साखर तपासा, इन्सुलिन बंद करू नका आणि १०८ ला फोन करून जवळचं मोठं रुग्णालय गाठा. बाकी वाचायला पुढे भरपूर वेळ आहे.